लिलावातली ट्राबांट

एरवी मी साधा नटबोल्टसुद्धा उन्हात धरून, नखाने खरवडून बघितल्याशिवाय घेत नाही. त्या दिवशी मात्र मी एक अख्खी मोटार खोक्यात बंद असतानाच विकत घेतली, आणि त्याला कारण दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघांनी मिळून शारजाच्या औद्योगिक भागात गॅरेज काढलं होतं. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर आणि आम्ही दोघं. दिवसभर मी गाड्यांच्या पोटाखाली, दाजी गिऱ्हाइकांसमोर. धंदा वाढला तशी भांडणंही वाढली. दोघांचे स्वभाव तापट. माझा जरा जास्त, हे मी मान्य करतो. शेवटी वेगळे झालो. लायसन्सवर मॅनेजर म्हणून दाजींचं नाव होतं, त्यामुळे पाटी त्यांच्याकडे राहिली. मी कॉम्प्रेसर उचलला आणि दोन गल्ल्या सोडून दुसरी शेड घेतली.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. त्यानंतर दाजी जिथे तिथे सांगायला लागले की गॅरेज मी एकट्याने उभं केलं, पाव्हण्यांना, म्हणजे मला, हाताखाली ठेवलं होतं. बर दुबईच्या बाजारात बायकोला साडी घ्यायला जावं, तर दुकानदार विचारायचा, "आप पहले उनके हेल्पर थे ना?" सात वर्षं मी हे ऐकत होतो. परक्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी जाऊन सुनावलं असतं. पण बहिणीचा नवरा. त्यांना 'अहो दाजी' असंच म्हणावं लागतं, आणि 'अहो'ने सुरुवात केली की पुढे धड शिवीही देता येत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बंदरावर बेवारस मालाचा लिलाव होता. यादीत एक ओळ होती: जर्मन मोटार, एक नग, खोक्यात, जशी आहे तशी. कुणीतरी कसल्याशा प्रदर्शनासाठी आणलेली आणि मग नेलीच नाही. जर्मन म्हटलं की आमच्या गल्लीत एकच चित्र डोळ्यांसमोर येतं: लांब, काळी, जड दरवाजांची. तरीही मी पाचशेवर थांबणार होतो. तेवढ्यात मागून दाजींनी हात वर केला. मग मला खोकं दिसेना, मोटार दिसेना, फक्त तो हात दिसायला लागला. त्यांनी हजार म्हटलं की मी दीड, त्यांनी दोन म्हटलं की मी तीन. चार हजार दिरहमला, म्हणजे त्या वेळच्या सेहेचाळीस हजार रुपयांना, दाजींनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघून हसले. तिथेच मला कळायला हवं होतं. फळीच्या फटीतून त्यांनी आधीच आत डोकावून घेतलं होतं.

शेडमध्ये आणून खोकं फोडलं. आतून निघाली एक फिकट निळी, बुटकी, डोळे वटारलेली गाडी. माझ्या जुन्या पिकअपच्या मागच्या हौद्यात मावली असती. खोकं घेऊन आलेल्या पठाण क्रेनवाल्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "उस्ताद, ये बच्चों का है?"

बॉनेट उघडलं. रेडिएटर नाही. पाणी भरायची सोय नाही. पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोलची टाकी बॉनेटखालीच, आणि तिच्या शेजारी शिलाई मशीनएवढं इंजिन. दरवाजावर टकटक केलं तर आवाज लोखंडाचा येईना. माझ्या मल्याळी वेल्डरने वास घेऊन सांगितलं की भाईसाब, इसको वेल्डिंग नहीं होगा, ये जल जाएगा. मला इतका राग आला की हातातला पाना मी त्या गाडीवर फेकला. तो आपटला, उडाला आणि परत माझ्याच पायाशी येऊन पडला. गाडीला पोचासुद्धा नाही.

पाना उचलायला वाकलो, आणि कशाला कुणास ठाऊक, टाकीचं झाकण काढून नाक आत घातलं. पेट्रोल कधीच उडून गेलं होतं, पण तळाशी तेलाचा वास होता. पेट्रोलच्या टाकीत तेल. मी पुन्हा नाक घातलं. ज्याने सातारा-कराडकडे त्या काळात स्कूटर चालवलीय त्याला हा वास झोपेतसुद्धा ओळखता येईल. पंपावरचा माणूस आधी मापाने तेल ओतायचा, मग पेट्रोल, आणि आपण स्कूटर हलवून हलवून ते मिसळायचो, तो वास. ही मोटार टू-स्ट्रोक होती. चार चाकं, चार माणसांची जागा, आणि आत स्कूटरचं काळीज. मी तिथेच जमिनीवर बसून हसायला लागलो. वेल्डरला वाटलं, चार हजार गेल्याचा धक्का बसला.

पुढचे दोन आठवडे मी गिऱ्हाइकांची कामं बाजूला टाकून तिच्या मागे लागलो. कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, एका छोट्या जपानी गाडीचे टायर बसवले. एका शुक्रवारी सकाळी पेट्रोल आणि तेल मिसळून टाकी भरली आणि स्टार्टर मारला. नुसतं फिरतंय, पेटत नाही. आता स्कूटर चालू होत नसली की आपण काय करतो? कडेला कलवतो, क्षणभर धरतो, सरळ करतो आणि किक मारतो. मी वेल्डरला, पठाणाला आणि शेजारच्या डेंटरला हाक मारली. चौघांनी एका बाजूने हात घातले, यल्ला, म्हणजे चला, म्हटलं आणि मोटार उचलून दोन चाकांवर कलवली. पठाण विचारत होता की हे का करायचं. मी म्हटलं, इंडिया में ऐसाच करते हैं.

त्याच वेळी शेडच्या दारात पुण्याचे एक साहेब येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की शारजात एका वेड्याने पूर्व जर्मनीची गाडी घेतलीय, म्हणून टॅक्सी करून आले होते. आम्ही चौघं घामाघूम, गाडी हवेत.

"क्षमा करा," ते म्हणाले, "पण आपण ही कलवताय कशासाठी?"

"पेट्रोल येईना."

"पेट्रोल येण्याआधी कॉक उघडावा लागतो."

गाडी खाली टेकवली. साहेब आत बसले, डॅशबोर्डच्या खाली हात घातला आणि एक नळ फिरवला. स्कूटरला असतो तसाच: बंद, चालू, रिझर्व्ह. वर जर्मनमध्ये लिहिलेलं, म्हणून मी त्याला हीटरचं बटण समजलो होतो. स्टार्टर मारला आणि ती अशी फुटली की शेड पांढऱ्या-निळ्या धुराने भरून गेली. रॉकेलच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. पठाण नाचत होता, डेंटर खोकत होता आणि पुण्याचे साहेब, पेनवाले साहेब, स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते.

सुलेमानी चहा घेताना त्यांनी मला तिची कुळकथा सांगितली. सत्तरच्या दशकात ते ट्रेनिंगला दीड वर्ष पूर्व जर्मनीत होते. गाडीचं नाव ट्राबांट, म्हणजे सोबती. माणसाने पहिला उपग्रह आकाशात सोडला त्याच वर्षी ही निघाली, म्हणून ते नाव. त्या भागात युद्धाच्या आधीपासूनच टू-स्ट्रोक मोटारी बनायच्या. देशाची फाळणी झाली आणि कारखाना पूर्वेच्या वाट्याला आला. तिकडे पत्र्याची टंचाई. मग त्यांनी कापसाचा टाकाऊ कचरा आणि राळ दाबून तिचं अंग बनवलं. हे ऐकून मी हातातल्या कॉटन वेस्टकडे बघितलं. ज्याने आम्ही हात पुसतो, त्याची त्यांनी मोटार केली होती.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. नाव नोंदवल्यावर गाडी मिळायला दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त लागायची. त्यामुळे जुनी गाडी नवीपेक्षा महाग, कारण जुनी आज मिळते. मी साहेबांना हे दोनदा सांगायला लावलं. जुनी गाडी नवीपेक्षा महाग. माझं सगळं आयुष्य जुन्या गाड्या दुरुस्त करून विकण्यात गेलं आणि मी चुकीच्या देशात येऊन पडलो होतो. पण तिकडची भिंत पडली, लोक याच गाड्यांतून पश्चिमेकडे गेले, तिकडच्या मोटारी बघितल्या आणि मग हिला कुणी विचारेना. शेवटी तिला फोर-स्ट्रोक इंजिनही बसवून बघितलं, पण तोवर उशीर झाला होता. वर्षभरात कारखान्यातून तिचं निघणं बंद झालं. लोकांनी रस्त्यावर सोडून दिल्या. "तीस वर्षं जवळजवळ जशीच्या तशी बनत राहिली," साहेब म्हणाले, "आणि गेली तेव्हा लोक हसत होते. नंतर रडले, पण ते नंतर."

धुरामागोमाग दाजी आलेच. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "धूर दिसला पाव्हणं, म्हटलं शेड पेटली का काय. मग कळलं, डास मारताय." वेल्डर हसला. माझं डोकं फिरलं. दाजी पुढे म्हणाले की ही गाडी विमानतळापर्यंतसुद्धा जायची नाही, डोंगराचं तर नावच काढू नका.

आमच्या मराठी लोकांची हिवाळ्याची सहल दोन आठवड्यांनी खोर फक्कानच्या किनाऱ्यावर होती. मधे मसाफीचा चढ. मी म्हटलं, गाडी सहलीला येईल. दाजी म्हणाले, आली तर मागाल ते देतो. मी तयारच होतो. मी सगळ्यांसमोर अटी घातल्या: गाडी स्वतःच्या इंजिनावर येईल, दोर लावून ओढायची नाही. पोचली तर दाजींनी सहलीच्या सगळ्या लोकांसमोर उभं राहून सांगायचं की गॅरेज आम्ही दोघांनी मिळून उभं केलं. नाही पोचली तर मी त्या पाटीबद्दल जन्मात एक शब्द बोलणार नाही. दाजींनी हात पुढे केला. साहेब साक्षीदार.

तीन दिवसांची तात्पुरती नंबरप्लेट काढली आणि शुक्रवारी सकाळी निघालो. शेजारी साहेब, मांडीवर त्यांचा फराळाचा डबा, हात पेट्रोलच्या नळाजवळ. पेट्रोल दाखवणारा काटा नसल्यामुळे दर थोड्या वेळाने थांबून टाकीत पट्टी बुडवून बघायची, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. मागे दाजींची भलीमोठी अमेरिकन गाडी, काचा बंद, आमच्या धुरात. सहज पुढे जाता आलं असतं त्यांना. पण मी बंद पडतो कधी, हे बघायचं होतं ना. वेगाचा काटा सत्तरवर गेला की ट्राबांटचं सगळं अंग थरथरायचं, आरसा आपोआप फिरून साहेबांचा चेहरा दाखवायचा आणि आम्ही दोघं पन्नाशीतली माणसं पोरांसारखे ओरडायचो. उंट मान वळवून बघत होते.

धैदच्या पुढे पोलिसाची गाडी आडवी आली. पोलीस आग विझवायचं नळकांडं घेऊनच उतरला. मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं की माफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही, हा धूर असाच असतो. त्याने बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत बघितलं, दरवाजावर टकटक केलं. साहेबांनी इंग्रजीत कापसाबद्दल सांगितलं. पोलिसाने पुन्हा टकटक केलं. मग त्याने टोपी काढून सीटवर ठेवली, आत बसला आणि रस्त्याच्या कडेने दोनशे मीटर जाऊन परत आला. उतरला तेव्हा हसून हसून डोळे पुसत होता. "खलास," तो म्हणाला, "रूह." जा म्हणे. मागे दाजींनी काच खाली करून हे सगळं बघितलं होतं.

मसाफीचा चढ लागला. दुसरा गिअर, गाडी जिवाच्या आकांताने चढत होती, धूर दुप्पट झाला होता. अर्ध्यावर ती दोनदा खोकली, एका सिलेंडरवर चार हात गेली आणि थांबली. हँडब्रेक ओढला. चाकाखाली दगड लावला.

चूक माझीच होती, आणि ती आपल्याकडच्या स्कूटरवाल्यांचीच चूक. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, असं साहेबांनी सांगितलं होतं. पण आमच्या हाताला सवय, की तेल जरा सढळ टाकलं की इंजिन सुखी राहतं. त्यातून ही मोटार, म्हणजे स्कूटरची मोठी बहीण. मी प्रेमाने जवळजवळ दुप्पट ओतलं होतं. प्लग काढला तो काळा, ओला, काजळीने भरलेला. मी पॉलिशपेपर घेऊन घासायला लागलो. घाईने, रागाने. सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून जात होती.

दाजी मागे येऊन उभे होते. थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "असा घासतात व्हय?" आणि माझ्या हातातून प्लग घेतला. स्वतःचा पांढरा रुमाल काढून आधी पुसला, लायटरच्या ज्योतीवर धरून वाळवला, मग हळू हळू टोक साफ केलं, नखाने फट बघितली. दुसरा प्लगही काढून तसाच केला. कराडला त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं, इकडे येण्याआधी. त्या दुकानात मी दोन वर्षं होतो. सगळं तिथेच शिकलो. त्यांचे हात तसेच चालत होते.

प्लग बसवले. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. दाजींनी रुमालाकडे बघितलं आणि एकदम भानावर आले.

"मी हात लावला," ते म्हणाले. "पैज गेली तुमची."

"ओढायचं नाही, एवढंच ठरलं होतं. प्लगचं काही ठरलं नव्हतं. विचारा साहेबांना."

साहेबांनी डबा बाजूला ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं की अट दोराची होती. दाजींना ते मान्य करावं लागलं. पण वाक्य कसं बोलायचं, यावर ते अडले. मग त्या चढावर, चालू इंजिनाच्या धुरात, आमचा सौदा सुरू झाला. दाजी म्हणाले, 'पाव्हण्यांची मोलाची मदत झाली,' असं म्हणतो. मी म्हटलं, मदत भाड्याने मिळते. 'दोघांनी उभं केलं' पाहिजे. ते म्हणाले, 'आम्ही उभं केलं'. त्यात तुम्ही आलातच. मी म्हटलं, आम्ही म्हणजे तुम्ही आणि कोण, ते सांगा. भाव पटला नाही की मी जसं कार्पेटवाल्याकडून उठून निघतो तसं गाडीत जाऊन बसलो. दाजींनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"बरं. 'दोघांनी' म्हणतो. पण मग तुम्ही पण एक सांगायचं."

"काय?"

"प्लग साफ करायला कुणी शिकवलं, ते. पंधरा वर्षं झाली, सगळीकडं सांगता, मी आपल्या बळावर शिकलो. माझं दुकान, माझी हत्यारं, जेवायला माझ्या घरी. कधी तोंडातनं नाव काढलं?"

मी खरंच कधी काढलं नव्हतं. मला वाटायचं, ते सांगितलं तर हेल्पर होतो हेच खरं ठरेल. मी साहेबांकडे बघितलं, तर ते लक्ष नसल्यासारखं दाखवत चकली खात होते.

"आधी तुम्ही," मी म्हटलं.

"आधी तुम्ही."

त्यावर आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी ठरलं की दाजी आधी, आणि लगेच पाठोपाठ मी, मधे कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही.

उतारावर मला या गाडीचा एक नवा गुण कळला. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि गाडी मोकळी पळत सुटते. साहेबांना हे माहीत होतं, पण ते सांगायला विसरले होते. इंजिन टुकटुक करतंय, डोंगर मागे चाललेत, ब्रेक मारतोय पण वेग काही कमी होत नाही. साहेब ओरडले, "तिसरा टाका, तिसरा!" तिसरा पडला, गाडीने हिसका दिला आणि चकल्या माझ्या मांडीवर आल्या. मागून दाजी हॉर्न वाजवत होते. भीतीने की मजेने, ते मी अजून विचारलेलं नाही. मी मात्र गात होतो.

किनाऱ्यावर सगळी मंडळी बसने आधीच पोचली होती. पन्नास-साठ माणसं, पुरीभाजीच्या पाट्या, सतरंज्या. आम्ही टाळ्यांच्या आणि धुराच्या लोटात आत शिरलो. मी उतरलो ते थेट सतरंजीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि दाजींना बोलावलं. बहिणीने विचारलं काय झालं, मी म्हटलं, तू ऐक फक्त.

दाजी उभे राहिले. घसा खाकरला. आणि तेवढ्यात पोरांनी गाडीला गराडा घातला. "अंकल, इट्स लाइक अ टॉय! कॅन वी ड्राइव्ह इट?" त्यांच्यामागे त्यांचे बाप धावले, बापांमागे आया. कुणी बॉनेटवर टकटक करतंय, कुणी कापूस दाखवा म्हणतंय. साहेब मधे उभे राहून इतिहास सांगायला लागले. सतरंजीवर उरलो आम्ही तिघं: दाजी, बहीण आणि मी.

"गॅरेज आम्ही दोघांनी मिळून उभं केलं," दाजी म्हणाले. "पाव्हणं नसते तर शेडसुद्धा उभी राहिली नसती." दुसरं वाक्य सौद्यात नव्हतं.

"मला काम दाजींनी शिकवलं," मी म्हटलं. "कराडला. सगळं."

बहीण दोघांकडे बघत होती. ती म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं व्हय? दोघं बसा आता, पुऱ्या गार झाल्या."

मी दाजींना हळूच सांगितलं की हे लोकांनी ऐकलंच नाही, पुन्हा म्हणा. ते म्हणाले, एकदाच ठरलं होतं. साक्षीदार म्हणून साहेबांना विचारायला गेलो, तर ते पोरांना पेट्रोलचा नळ दाखवण्यात गुंतले होते. तरी त्या महिन्यात बर दुबईच्या त्याच दुकानदाराने मला विचारलं की पार्टनर कैसे हैं. म्हणजे दाजींनी कुठेतरी सांगितलं होतं, किंवा माझ्या बहिणीने.

माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. ते वाक्य जरा मोठ्याने म्हणायला हवं होतं. दाजी म्हणतात, आवाजाचं काही ठरलं नव्हतं. तेवढं खरं आहे. एवढे सौदे केले, पण ते ठरवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.